गाडीचं औषध

नांदूरघाटात उत्तरेश्वर मिस्त्रीच्या कानाबद्दल जे सांगितलं जायचं, त्यातलं निम्मं वजा केलं तरी उरलेलं पचायला जड होतं. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, की हा घरात जेवता जेवता म्हणायचा, "तिसरा नोझल गेलाय याचा," आणि पुढचा घास मोडायचा. एकदा त्यानं बैलाच्या बरगडीला कान लावून 'एअर फिल्टर चोंदलाय' असं सांगितलं आणि गुरांच्या डॉक्टरनं बैलाच्या नाकातून मूठभर कुटार, म्हणजे भुसा, काढला, असं पार चकलांब्याचे लोकसुद्धा शपथेवर सांगत. बैलाचं सोडून द्या. पण एंजिनाच्या बाबतीत त्याचा कान चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याला स्वतःला तर अजिबातच आठवत नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण तिथंच सुरू झालं.

चैत्रातल्या एका दुपारी सुंदररावांचा धाकटा मुलगा शिवशंकर आपली लाल टर्बो गाडी घेऊन उत्तरेश्वरच्या शेडपुढं आला. सुंदरराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. यंदा जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी त्यांनी डोक्याचे उरलेले केसही काळे केले होते. शिवशंकर पुण्यात चार वर्षांचं इंजिनिअरिंग सहा वर्षांत उरकून आलेला. गाडी अजून बंद व्हायची होती, तोच उत्तरेश्वर बोलला, "पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज येतोय. पिस्टन मरणार तुझा."

"म्हणून तर आलोय मामा."

झालं होतं ते असं. पुण्याच्या कुण्या कारागिरानं लॅपटॉप जोडून गाडीच्या टर्बोचा दाब वाढवून दिला होता. टर्बो हवा कोंबून कोंबून एंजिनात घालतो, आणि कोंबलेली हवा तापते. पुण्यात हे चालून गेलं. केज तालुक्यात चव्वेचाळीसचं ऊन. इथं आधीच तापलेली हवा आणखी तापून आत गेली, की पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही. मनाला येईल तेव्हा पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतो.

शिवशंकरनं डिकीतून एक खोकं काढलं. त्यात होती छोटी टाकी, मुठीएवढा पंप, काळी नळी आणि करंगळीच्या नखाएवढा पितळी नोझल. टाकीत पाणी आणि मिथेनॉल निम्मं-निम्मं भरायचं. टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा वर चढला, की पंप आपोआप चालू होणार, नोझल त्या तापल्या हवेत तुषार मारणार, तुषारांची वाफ होता होता हवा गार पडणार.

उत्तरेश्वरनं नोझल उन्हाकडं धरून एक डोळा मिटला. "म्हणजे फवारणीच की. कापसावर करतो तीच. आपण अळी मारतो, हे ऊन मारतंय."

"बरोबर ओळखलंत."

"एवढ्यासाठी पुण्याचा माणूस कशाला पायजे होता बे? गावातलं शेंबडं पोरगंबी बसवल."

पण बसवायला तोच बसला, आणि अख्खे दोन दिवस बसला. टर्बोकडून येणारा ॲल्युमिनियमचा पाइप त्यानं गाडीवरून उतरवूनच घेतला, कारण भोक पाडताना त्यातला एक कीस जरी आत राहिला तरी एंजिन गेलं. ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासून तो एकेक फेरा देत होता, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येईल. नोझल बसवायच्या आधी त्यानं काचेच्या बरणीत फवारा मारून पाहिला. तो इतका बारीक होता, की बरणीत धुकं साचलं. बघायला आलेल्या एकानं तर ते हुंगलंही, आणि उत्तरेश्वरनं त्याच्या पाठीत पाना घातला.

कारण मिथेनॉलचं त्याला कळलं होतं. शिवशंकरनं पहिल्याच दिवशी मोबाइल पुढं धरून वाचून दाखवलं होतं. "मामा, हे नीट ध्यानात ठेवा. दिसायला पाणी, वासाला दारू, पण प्यायची दारू न्हाई ही. दोन-चार घोटांत डोळे जातात, पेलाभरात माणूस. अन् लगेच कळत बी न्हाई. आधी नुसती नशा वाटते. दुसऱ्या दिवशी डोळ्यापुढं पांढरं पांढरं यायला लागतं."

ते आलं होतं पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये, कुण्या कंपनीतल्या ओळखीनं, आणि कॅनच्या तोंडाला चीर गेली होती. सगळी डिकी दरवळत होती. तेव्हा उत्तरेश्वरनं डोकं चालवलं. कापसाच्या औषधाचा एक रिकामा कॅन त्यानं सोड्यानं तीनदा धुतला, उन्हात वाळवला आणि मिथेनॉल त्यात ओतून घेतलं. कॅनवर लाल चौकटीत कवटी होती, खाली दोन हाडं होती. आता याला कोण हात लावतो, असं म्हणून त्यानं तो बाकड्याखाली सरकवला. आपल्या अकलेवर तो इतका खूश झाला, की बायकोलाही बोलावून दाखवलं.

बुधवारी दुपारी त्यानं टाकी भरली. दोन लिटर मिथेनॉल आणि दोन लिटर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, बोअरचं नाही. बोअरच्या क्षारानं नोझल आठवड्यात बुजला असता. मग शेडच्या दाराला नुसती साखळी अडकवून तो शिवशंकरच्या शेजारी बसला आणि दोघं केजच्या रस्त्याला लागले. सरळ पट्टा येताच शिवशंकरनं पाय दाबला. मागं पंप घुर्रर्र झाला, आणि उत्तरेश्वरनं डोळे मिटून कान लावला. हरभरे गेले होते. एंजिन रेशीम फाडावं तसं सरळ वर चढत होतं. त्या दिवशी गाडी इतकी पळाली म्हणतात, की तिची सावली मागं राहिली आणि चहाच्या टपरीवर लोकांना विचारत बसली, गाडी कुठल्या बाजूला गेली. उत्तरेश्वरनं हे कधी नाकारलं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमारास शिवशंकर परत आला. "मामा, सकाळच्या पारी तलवाड्यापर्यंत मारून आलो. नुसती आग हाय! टाकी तळाला गेली, अर्धाएक लिटर असंल. भरून द्या."

उत्तरेश्वर बाकड्याखाली वाकला. बाकड्याखाली एक जुनी बॅटरी होती, तेलाची चिंधी होती, आणि कॅनच्या बुडाचा धुळीत उठलेला गोल होता.

"कौसल्ये!" त्यानं घराकडं हाक मारली. "शेडमधी कोण आलतं?"

कौशल्याबाई, त्याची बायको, इरकल नेसून निघायच्या तयारीतच होती. भावाकडं कंदुरी होती, पिराच्या नवसाचं बकऱ्याचं जेवण. "कुणी न्हाई बाई. काल तुमी गाडीत फिराया गेलता तवा आसाराम आलता, मोठी शेगडी न्यायला. म्या म्हनलं, घे शेडमधून. का वो?"

उत्तरेश्वरनं त्या धुळीतल्या गोलाकडं परत पाहिलं. तो बाकड्यावर बसला.

नांदूरघाटाच्या पंचक्रोशीत एक रीत होती आणि ती बायका सोडून सगळ्यांना ठाऊक होती. घरात चोरून ठेवायची बाटली बाटलीत ठेवायची नाही. ती ओतायची फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये. कवटी बघून बाई हात लावत नाही, पोर हात लावत नाही. पिणाऱ्याला मात्र नेमकं कळतं. खरं औषध गोठ्यात असतं, नाहीतर शेतातल्या खोपीत. कापूस नाही तिथं कवटी दिसली, की समजायचं, माल हाय. आणि ही रीत पाडली कुणी? गावात याचे तीन दावेदार होते, पण उत्तरेश्वरचं नाव पहिलं यायचं. पंधरा वर्षं त्याचा कॅन ह्याच बाकड्याखाली, ह्याच जागी असायचा. पाच वर्षांमागं त्यानं सोडली ती एका फटक्यात सोडली, आणि दारूबरोबर तिची सगळी चोरवाटही त्याच्या डोक्यातून पुसली गेली. कवटी म्हणजे कवटी, असं तो सरळमार्गी माणसासारखा समजून बसला.

आणि आज आसारामच्या मळ्यात पन्नास पानं उठणार होती.

"फोन लावा," शिवशंकर म्हणाला. आसारामचा फोन वाजून वाजून थांबला. कंदुरीच्या घाईत कोण उचलतो? "मामा, आपण जाऊ, गुपचूप कॅन उचलू, परत येऊ. माझं नाव नका घेऊ. बिनपरवान्याचं मिथेनॉल हाय ते, अन् आमचे दादा स्वतः बसलेत तिथं. त्यांच्या तिकिटाची बैठक सोमवारी हाय."

उत्तरेश्वरनं गाडीचं दार उघडलं. कौशल्याबाई मागच्या सीटवर आधीच चढली होती.

आसाराम म्हणजे कौशल्याबाईचा धाकटा भाऊ. कोयत्यावर जाणारा, दरवर्षी दसरा झाला की बायको-मुलीला घेऊन पश्चिमेकडं ऊसतोडीला. यंदा कारखान्याच्या वाटेवर त्याची नऊ वर्षांची स्वप्नाली ट्रॉलीखाली आली. पाय जायचा होता. तेव्हा आसारामनं दवाखान्याच्या पायरीवर पीरसाहेबांना नवस बोलला होता : पोर आपल्या पायानं चालली तर गावी जाऊन बकऱ्याची कंदुरी करीन, आणि नैवेद्य दाखवीपर्यंत दारूचा थेंब तोंडात घेणार नाही. पोर चालली. आणि ज्यानं वीस वर्षांत कोरडी संध्याकाळ पाहिली नव्हती, त्या आसारामनं चार महिने थेंब घेतला नव्हता. अख्ख्या टोळीनं डोळ्यात तेल घालून पाहिलं होतं.

मळ्यात लिंबाखाली मटणाचा हंडा रटरटत होता. बायका भाकरी थापत होत्या. बाजेवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सुंदरराव बसले होते, आणि पलीकडं विहिरीच्या आडोशाला नऊ-दहा जण गोल करून बसले होते. मधोमध कवटीचा कॅन. पुढं स्टीलचे गिलास ओळीनं मांडलेले, भरलेले.

उत्तरेश्वर चालत्या गाडीतून उतरला म्हणायचा की पडला म्हणायचा. उठला तो थेट त्या गोलात. पहिली लाथ कॅनला, दुसरी गिलासांच्या ओळीला. माती घटाघटा पिऊन गेली.

"आरं आरं आरं!" अर्जुनराव मुकादम उठून उभा राहिला. पुऱ्या टोळीचा तो म्होरक्या. "डोकं फिरलं का मिस्त्री?"

"कुणी पिलं? कुणीकुणी पिलं ह्यातलं?"

"पिराचा मुजावर अजून आला न्हाई, नैवेद्य दाखवायचाय. त्याच्या आदी कोन पितो? आमी काय बाटगे हावोत?" मुकादम गरजला. मग ओल्या मातीकडं बघून त्याला खरं दुःख झालं. "तीन लिटर! पाच वर्सं सोडली म्हनत हिंडतो, अन् तीन लिटर बाकड्याखाली! एकट्यालाच पायजे होती व्हय?"

सगळे हसले. उत्तरेश्वरला एकीकडं हायसं वाटलं. मुजावर उशीर करतो म्हणून गाव त्याला नेहमी शिव्या घालायचं. आज त्या उशिरानं दहा घरं वाचवली होती.

तेवढ्यात हंड्याजवळून आसाराम आला. हातात पळी होती. "कावून वरडाया लागलाव दाजी? पावणे बसलेत." बोलता बोलता त्यानं पळी हंड्यावर ठेवायला हात नेला. पळी हंड्याच्या वीतभर अलीकडं हवेत ठेवली गेली आणि खाली फुफाट्यात पडली. त्यानं खाली बघितलं, ते पळी सोडून दुसऱ्याच बाजूला.

कौशल्याबाईनं ते पाहिलं. उत्तरेश्वरनंही पाहिलं.

"आसाराम, माझ्याकडं बघ. डोळ्यांना काय हुतंय?"

"काय न्हाई. चुलीचा धूर हाय. सकाळपासून डोकं बी दुखतंय, ऊन लागलं."

"काल पिलास."

भाकरी थापायचा आवाज थांबला. आसारामनं कानाच्या पाळ्या धरल्या. "पीरसाहेबाची आन! दाजी, चार महिनं म्या वास घेतला न्हाई. पोरीच्या पायावर हात ठिवून सांगतो." त्याचा आवाज फाटला. "असं नका बोलू. आज तरी नका बोलू."

लिंबापलीकडं स्वप्नाली लंगडी घालत होती. दुखऱ्या पायावर, मुद्दाम, सगळ्यांना दाखवायला.

तेव्हा उत्तरेश्वरला सगळा घोटाळा कळला. आसारामला डोळ्यांची भीती नव्हतीच. पिलो म्हणावं तर नवस मोडला, आणि नवस मोडला तर तो पाय. माणूस आंधळा झाला असता, मेला असता, पण हो म्हणाला नसता. आणि त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय किती पिला, कधी पिला, हे डॉक्टरला कोण सांगणार होतं? मुळात नाही म्हणणाऱ्या माणसाला पन्नास जणांपुढं गाडीत कोंबायचं कसं?

"मिस्त्री," बाजेवरून सुंदरराव म्हणाले, "चांगल्या दिवशी तमाशा नको. त्याला ऊन लागलंय, सावलीला बसवा. लिंबूपानी द्या."

उत्तरेश्वरनं त्यांच्याकडं पाठ केली आणि आसारामपुढं मातीत बसला. आयुष्यभर त्यानं गावाला थापा मारल्या होत्या. आता खरं बोलायचं होतं आणि ते थापेसारखंच वाटणार होतं.

"आसाराम, ऐक. तू दारू पिलाच न्हाईस."

"तेच तर म्हनतोय म्या."

"न्हाई, तू कॅनमधलं पिलास. पण कॅनमधी दारू नव्हतीच. ती गाडीची फवारणी हाय. एंजिनावर मारायचं औषध. दारूचा थेंब घेणार न्हाई असं बोललास ना पिराला? मग घेतलास कुठं थेंब? कुणी चुकून डिझेल पिलं, तर त्याचा नवस मोडतो का? औषध पिलं, तर मोडतो का?"

आसारामचा हात कानावरून खाली आला. "गॅरेजात कुठं बोंडअळी पडली दाजी?" तो हळूच म्हणाला. "मला येडं नका करू. त्या कॅनात काय असतंय, मला ठावं हाय. तुमीच शिकवलंय."

हा घाव बरोबर बसला. उत्तरेश्वरचा शब्द ह्या एका बाबतीत कवडीच्या मोलाचा होता. पंधरा वर्षं त्यानंच तो खोटा करून ठेवला होता. त्यानं मान वळवून शिवशंकरकडं पाहिलं. शिवशंकर गाडीच्या दाराला धरून उभा होता, नजर बापाकडं. सुंदररावांनी मान किंचित, अगदी किंचित, नाही अशी हलवली.

शिवशंकरनं डिकी उघडली.

"आसाराम मामा, इकडं या. हात लावून बघा," तो म्हणाला. "ही टाकी. हा पंप. त्या कॅनमधलं ह्याच्यात जातं. म्या आणलंय ते, माझ्या गाडीसाठी, परवान्याशिवाय. मिस्त्रीमामा खरं बोलतेत. ते विष हाय, पण दारू न्हाई. त्यानं डोळे जातेत."

आसाराम चाचपडत डिकीपाशी गेला. टाकीवर हात फिरवला, झाकण काढून वास घेतला. मग खाली बसला, आणि हुंदका आला तो आधी हसण्यासारखाच वाटला.

"अर्धा गिलास," तो म्हणाला. "काल, शेगडी घरी ठिवल्यावर. पाणी घालून. चार महिनं झाले दाजी, एकच दिवस ऱ्हायला हुता, म्हनलं एकच दिवस तर... घशाखाली गेल्यावर लई रडलो. सकाळपासून सगळं दूध सांडल्यावानी दिसतंय. पोरीचं तोंड दिसंना."

मुकादमानंच त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. कौशल्याबाईनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी अंबाजोगाईच्या दिशेनं सुटली.

ह्या प्रवासाच्या नंतर फार गोष्टी सांगितल्या गेल्या. गाडीनं रस्त्यातले खड्डे वरच्यावर ओलांडले, केजच्या चौकात तिच्या वाऱ्यानं एका पुढाऱ्याच्या फलकावरचा पुढारी पाठमोरा झाला, वगैरे. खरं एवढंच, की केज यायच्या आतच पंपाची घुरघुर थांबली. टाकीतलं उरलंसुरलं संपलं होतं, आणि बाकीचं उत्तरेश्वरनं स्वतःच्या पायानं मातीत घातलं होतं. थोड्याच वेळात हरभरे वाजायला लागले. बाहेर ऊन पांढरं झालं होतं.

शिवशंकरनं पाय सैल केला. "मामा, वाजतंय."

उत्तरेश्वरला ते त्याच्या आधी ऐकू आलं होतं. प्रत्येक ठोका त्याच्या दातांत बसत होता. मागून आसारामनं विचारलं, "आक्का, अभाळ आलंय का गं?" आणि कौशल्याबाई म्हणाली, "व्हय रे, आलंय."

"पाय काढू नको," उत्तरेश्वर म्हणाला.

"एंजिन जाईल."

"जाऊ दे. मी ऐकतोय. तू रस्ता बघ."

दवाखान्याच्या फाटकात गाडी पोचली ती एक सिलिंडर गमावून लंगडत आणि निळा धूर ओकत. तिथं शिवशंकरचा फोन वाजला. त्यानं ऐकून तो उत्तरेश्वरकडं दिला. सुंदररावांचा आवाज शांत होता. "मिस्त्री, डॉक्टरला सांगा, कुठंतरी गावठी पिला म्हनून. कुठली ते माहीत न्हाई. त्याच्यावर इलाज तर व्हनारच हाय. बाकीचं मी बघतो."

"बरं," उत्तरेश्वर म्हणाला आणि फोन बंद करून शिवशंकरच्या खिशात घातला.

डॉक्टरीण बाई तरुण होती. तिनं आसारामच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "काय घेतलं यांनी?"

"मिथेनॉल," उत्तरेश्वर म्हणाला. "दारू न्हाई. नुसतं मिथेनॉल, गाडीच्या एंजिनासाठी आणल्यालं. अर्धा गिलास, पाण्यात. काल दुपारी तीन-साडेतीनला. कॅन माझा, शेड माझी. लिहून घ्या."

तिनं चमकून वर पाहिलं. "नक्की? तसं असेल तर उपचार वेगळा आहे."

"नक्की. म्याच ओतलंय ते त्या कॅनात."

मग सगळं घाईनं झालं. नळ्या आल्या, रक्त धुवायचं मशीन आलं. पोलीस आला, त्यानं जबाब लिहिला. उत्तरेश्वरनं सगळं सांगून सही केली, आणि शिवशंकरनं न सांगता त्याच्या खाली आपली केली. डॉक्टरीण बाई म्हणाली, आतलं विष चढू नये म्हणून नळीतून थोडं प्यायचं अल्कोहोल द्यावं लागतंय. हे ऐकून अर्ध्या गुंगीतला आसाराम उठून बसायला लागला. "न्हाई, न्हाई! नैवेद्य झाला न्हाई अजून!" दोन वॉर्डबॉयनी त्याला धरलं. कौशल्याबाईनं मळ्यात फोन लावला. मुजावर आला होता, सगळं ऐकून त्यानं नैवेद्य तेवढ्यातच उरकला होता आणि पोरीच्या कपाळाला पिराची उदी लावली होती. तसं कानात सांगितल्यावर आसारामनं हात सोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाली, जीव वाचला. डोळ्यांचं मात्र आत्ता सांगता येणार नाही. काही येईल, काही येणार नाही. महिना-दोन महिने लागतील.

उत्तरेश्वर खाटेजवळच्या स्टुलावर बसला होता. ऊन खिडकीतून सरळ त्याच्या तोंडावर पडत होतं. आसारामनं उशीवरच मान वळवली आणि त्याच्याकडं बराच वेळ टक लावून पाहिलं.

"दाजी?"

"हां."

"मिशी कावून काढली वो?" त्याच्या आवाजात भीती होती. "कोन गेलं घरात?"

उत्तरेश्वरचा हात वर गेला. मिशी जागेवरच होती. तीस वर्षांची, दोन्ही टोकांना पीळ दिलेली, पाढे पाठ नसलेल्या पोरालाही लांबून ओळखू येईल अशी मिशी.

"कुनी न्हाई रे गेलं," तो म्हणाला. "उन्हाळा लई हाय औंदा. म्हनलं काढून टाकावी."

"बरं केलंत," आसाराम म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. "तोंड मोकळं दिसतंय."

उत्तरेश्वर स्टुलावरून उठला. मग जिना उतरून फाटकाबाहेर गेला. रस्त्याच्या कडेला बाभळीला आरसा टांगून एक न्हावी बसला होता. उत्तरेश्वर त्याच्यापुढच्या खुर्चीत बसला आणि बोटानं ओठाच्या वर दाखवलं.

"सगळी?" न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि दवाखान्याच्या इमारतीकडं पाहून आवाज उतरवला. "कोण वारलं, मामा?"

"कुनी न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "कर तू. लवकर कर, तो उठायच्या आत वर जायचंय."